पूलमध्ये क्यू महत्त्वाचा की हात? भौतिकशास्त्र काय सांगतं आणि मुरलेला खेळाडू त्यातलं काय वापरतो

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर. उपनगरातल्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये संध्याकाळी तासभर उभे राहिलात तर एक वाद कानावर पडतोच. एका गटाचं म्हणणं, सगळं हातात असतं, भिंतीवरचा कुठलाही क्यू द्या. दुसऱ्या गटानं स्लो मोशनचे व्हिडिओ कोळून प्यायलेले असतात. त्यांच्या बोलण्यात डिफ्लेक्शन, थ्रो, कार्बन शाफ्ट असे शब्द येतात आणि पाठीवरच्या केसमधून स्वतःचा क्यू निघतो. ही केस घेऊन विरार फास्टमध्ये चढणाऱ्याला काय काय ऐकावं लागतं, तो वेगळा विषय.

वाद नुसता गप्पांचा नाही, पैशांचाही आहे. पार्लरमध्ये टेबल तासावर मिळतं. कॉलेजात शिकणाऱ्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाकडे या खेळासाठी महिन्याला ठरावीकच रक्कम असते. समजा, पार्लरचा दर तासाला २०० रुपये आहे आणि मनात भरलेली परदेशी शाफ्ट २० हजारांची आहे. म्हणजे ती एक शाफ्ट १०० तासांच्या सरावाच्या किमतीची. मग सामानातल्या बारकाव्यांनी खेळ खरंच बदलतो का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. बदलतो, आणि वाटतो त्यापेक्षा बराच बदलतो. पण ज्या गोष्टींची जाहिरात होते त्यांच्यामुळे कमी, आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्यांच्यामुळे जास्त. शिवाय मुरलेल्या खेळाडूला ‘भारी’ सामानापेक्षा रोज सारखंच वागणारं सामान जास्त उपयोगी पडतं. हे असं का, ते समजायला थोडं गणित करावं लागेल. दहावीपर्यंतचंच आहे.

नेम किती चुकला तर चालतो?

पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेअकरा सेंटीमीटर रुंद असतं. चेंडू बरोबर मधून गेला तर दोन्ही बाजूंना २९-२९ मिलिमीटर मोकळी जागा राहते. ऐकायला भरपूर वाटते.

आता रंगीत चेंडू पॉकेटपासून एक मीटरवर ठेवा आणि पांढरा त्याच्या मागे आणखी एक मीटरवर. सगळं एका सरळ रेषेत, म्हणजे शॉट सोपाच. तरीही रंगीत चेंडूची दिशा दीड-पावणेदोन अंशांहून जास्त चुकली तर तो पॉकेटच्या कडेला लागून बाहेर येतो. ही दिशा सांभाळायची तर पांढरा ज्या ठिकाणी आदळायला हवा तिथून जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर सरकलेला चालतो. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवल्यावर जेवढी जाडी होते, साधारण तेवढीच सूट. पांढऱ्याच्या दिशेत मोजायचं तर एका अंशाचा दहावा भाग.

सरळ शॉटची ही गत. तिरका शॉट, लांबचा शॉट, कुशनला चिकटलेला चेंडू यांत सूट आणखी कमी होते. पुढचे सगळे आकडे या दोन कार्डांच्या जाडीशी ताडून बघा.

साइड दिली की पांढरा कुठे जातो?

पांढऱ्याला मध्यापासून उजवीकडे किंवा डावीकडे मारलं की तो स्वतःभोवती फिरत पुढे जातो. पार्लरच्या भाषेत साइड किंवा इंग्लिश. पुढच्या शॉटसाठी पांढरा हवा तिथे आणायचा तर साइडला पर्याय नाही. अडचण अशी की उजवीकडे मारलेला चेंडू क्यूच्या रेषेत जातच नाही, किंचित डावीकडे फेकला जातो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात.

कारण असं. टिप आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण एक हजारांश भागापुरताच असतो. तेवढ्या वेळातच चेंडू फिरायला लागतो आणि टिपला स्वतःबरोबर बाजूला ओढतो. टिपबरोबर क्यूच्या टोकाकडचा वीतभर भागही बाजूला ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम आठवा: चेंडू टोकाला एकीकडे ढकलतो, टोक चेंडूला दुसरीकडे. टोकाचा भाग जड असेल तर हा उलटा धक्का मोठा, हलका असेल तर लहान. क्यूचं एकूण वजन, मुठीकडचं लाकूड, सांध्याचा पितळी स्क्रू यांचा इथे काही संबंध येत नाही, कारण धक्क्याची लाट तिथवर पोहोचेपर्यंत चेंडू सुटलेला असतो.

साध्या शाफ्टनं भरपूर साइड दिली तर चेंडू साधारण दोन अंशांनी फेकला जातो. एका मीटरवर दोन अंश म्हणजे ३५ मिलिमीटर. आपली सूट होती दीड-पावणेदोन. म्हणजे हा परिणाम सुटीच्या २० पट मोठा आहे! कागदावर बघितलं तर साइड देऊन कुणाचाही चेंडू जायलाच नको. प्रत्यक्षात घाटकोपरच्या एखाद्या पार्लरमध्ये आयुष्यात डिफ्लेक्शन हा शब्द न ऐकलेला माणूस साइड देऊन चेंडूंमागून चेंडू घालत असतो.

तो काय करतो? नेम मुद्दाम चुकवतो. उजवीकडे मारायचं असेल तर त्याचा क्यू आपोआप थोडा उजवीकडे नेम धरतो. किती, हे त्याला विचाराल तर सांगता येणार नाही. हजारो शॉटनंतर त्याचे डोळे आणि खांदा यांनी ते आपसात ठरवून टाकलेलं असतं. त्यात आणखी एक भर पडते. क्यूची मागची बाजू नेहमी थोडी वर असते, त्यामुळे साइड दिलेला चेंडू कापडावर घसरताना हलकासा वळून परत रेषेकडे येतो. जोरात मारला तर उशिरा वळतो, हळू मारला तर लवकर. डिफ्लेक्शन एकीकडे, वळण दुसरीकडे, आणि दोन्हींची बेरीज दर शॉटला वेगळी. ही बेरीज मुरलेला खेळाडू न मांडता करतो.

मग कमी डिफ्लेक्शनची शाफ्ट घ्यावी का?

नव्वदच्या दशकात प्रिडेटर या अमेरिकी कंपनीनं टोक हलकं केलेली शाफ्ट बाजारात आणली आणि तेव्हापासून ‘लो डिफ्लेक्शन’ हा विक्रीचा मंत्र झाला. आता कार्बन फायबरच्या शाफ्ट आहेत. त्यांत दावा खोटा नाही. टोक हलकं, म्हणून चेंडू कमी फेकला जातो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. नेम तरीही चुकवावाच लागतो, फक्त थोडा कमी.

नवशिक्याला याचा फायदा होऊ शकतो, कारण शिकायची दुरुस्ती लहान असते. पण ज्याचा हात दहा वर्षं साध्या शाफ्टवर बसलाय त्याचं काय? त्याच्या खांद्यात दोन अंशांची दुरुस्ती मुरलेली आहे. नवी शाफ्ट एका अंशाची मागते. मग पहिले काही आठवडे त्याचे साइडचे सगळे शॉट दुसऱ्याच बाजूला चुकतात. सामान सुधारलं, खेळ बिघडला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं यात विसंगती काहीच नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्नूकरमधलं आहे. स्टीफन हेंड्रीनं १९९० ते १९९९ या काळात सात विश्वविजेतीपदं मिळवली, ती लहानपणी घेतलेल्या एका स्वस्तातल्या क्यूनं. किंमत सुमारे ४० पौंड. हा क्यू २००३मध्ये विमानप्रवासात मोडला. त्यानंतर हेंड्रीला पुन्हा विश्वविजेतेपद मिळालं नाही, म्हणून ही गोष्ट नेहमी ‘क्यू गेला आणि राज्य गेलं’ अशी सांगितली जाते. पण तारखा नीट बघा. क्यू मोडण्याआधीची चार वर्षंही त्याला ते मिळालेलं नव्हतं. त्यामुळे सगळं खापर विमान कंपनीवर फोडता येत नाही. एवढं मात्र खरं, की जगातला सर्वोत्तम खेळाडू कितीही महाग क्यू घेऊ शकत असताना तोच जुना क्यू धरून होता. त्याच्या हाताला तो पाठ होता.

वजनाचं काय? १८ औंस की २१?

पार्लरच्या भिंतीवर क्यू टांगलेले असतात त्यांवर १८, १९, २०, २१ असे आकडे दिसतात. हे वजन औंसात असतं. १८ औंस म्हणजे साधारण ५१० ग्रॅम, २१ म्हणजे ५९५. यावर फार चर्चा होते, म्हणून हिशेब करून बघितला. हाताचा वेग तोच ठेवला आणि चामड्याच्या टिपमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते हे धरलं, तर १८ औंसांऐवजी २१चा क्यू घेतल्यावर पांढऱ्याचा वेग जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो. एवढा फरक तर आपल्या हाताच्या वेगात दर शॉटला पडत असेल. हाताला जो बरा वाटतो तो घ्या आणि रोज तोच घ्या. वजनाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. मुठीवरच्या नक्षीबद्दल तर अजिबातच नाही.

सगळ्यात स्वस्त भाग सगळ्यात महत्त्वाचा का?

अख्ख्या क्यूपैकी चेंडूला लागते ती फक्त टिप. चामड्याची, पूलच्या क्यूवर १२-१३ मिलिमीटर रुंद, स्नूकरच्या क्यूवर ९-१० मिलिमीटर. टिप गोलसर हवी आणि तिच्यावर चॉक टिकायला हवा. या दोन अटी पूर्ण झाल्या तर चेंडूच्या मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत, म्हणजे १४ मिलिमीटरपर्यंत बाजूला मारता येतं. त्यापलीकडे टिप घसरते, ‘कट्’ असा आवाज येतो आणि आजूबाजूचे हसतात.

पार्लरच्या क्यूवर ही टिप बहुतेक वेळा चपटी आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली असते. तिच्यावर चॉक बसतच नाही. मग १४ मिलिमीटरची मुभा सहा-सात मिलिमीटरवर येते. म्हणजे नेमात काही चूक नसताना हाती असलेल्या शॉटपैकी निम्मे शॉट गेले. स्क्रू बॅक येत नाही म्हणून जो मुलगा जोर वाढवतोय, त्याची चूक अनेकदा हातात नसून या १३ मिलिमीटरच्या चामड्यात असते. टिप बदलायला आणि कानशीनं खरखरीत करायला येणारा खर्च नव्या शाफ्टच्या पासंगालाही पुरत नाही.

टिपचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. क्यूच्या टोकाला चामडं लावण्याचं श्रेय कॅप्टन मेंगो या फ्रेंच खेळाडूला दिलं जातं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. चामड्यामुळे पहिल्यांदाच चेंडूला मनासारखा स्पिन देता आला. त्यामागचं गणित आलं नंतर. १८३५मध्ये गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानं बिलियर्ड्सच्या चेंडूंवर अख्खं पुस्तक लिहिलं. घसरणारा, फिरणारा चेंडू कापडावर कसा वळतो हे त्यानं समीकरणांत मांडलं. नाव ओळखीचं वाटतंय? पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात, त्या परिणामाला याच कोरिओलिसचं नाव आहे. आपल्याकडचा मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो त्यात त्या परिणामाचा हात आहे. तो शोधनिबंधही १८३५चाच. म्हणजे मुंबईचा पाऊस आणि मुलुंडच्या टेबलावरचा स्पिन एकाच माणसाच्या एकाच वर्षाच्या वहीत सापडतात. क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी खेळाडूनं करून दाखवलं, शास्त्रज्ञानं नंतर समजावलं.

कॅरम खेळणाऱ्याला पूल विचित्र का वाटतो?

उपनगरातली बरीच मुलं पूलच्या टेबलापाशी येतात ती सोसायटीच्या जिन्याखालच्या किंवा गणपती मंडळाच्या कॅरम बोर्डावरून. कोन दिसण्याची सवय त्यांना आधीच असते. तरी पहिले काही दिवस पांढरा त्यांचं ऐकत नाही. याचं कारण शुद्ध भौतिकशास्त्र आहे.

कॅरमच्या नियमांनुसार स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. स्ट्रायकर जवळजवळ तिप्पट जड. तिप्पट जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की थांबत नाही, पुढेच जाते. आणि तिची दिशाही फारशी बदलत नाही. या वजनांचा हिशेब केला तर सोंगटीला कसंही मारलं तरी स्ट्रायकर आपल्या मूळ रेषेपासून साधारण २० अंशांपलीकडे वळू शकत नाही.

पूलमध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे. समोरासमोर टक्कर झाली आणि पांढरा त्या क्षणी फिरत नसला, तर तो जागच्या जागी थांबतो, सगळा वेग रंगीत चेंडूला देऊन. तिरकी टक्कर झाली तर दोन चेंडू ९० अंशांत फुटतात. पांढरा सरपटत न जाता गडगडत आला असेल तर मात्र अर्ध्या चेंडूच्या आसपासच्या टकरीत तो मूळ रेषेपासून ३० अंशांच्या जवळपास वळतो. ‘थांबवलेला असेल तर ९०, गडगडत असेल तर ३०’ हे दोन आकडे पुस्तकातल्या भौतिकशास्त्रापैकी टेबलावर सर्वाधिक कामाला येणारे. व्ही आकारात दोन बोटं ताणून अनेक खेळाडू हा ३० अंशांचा कोन टेबलावर मोजतात. पांढरा पॉकेटमध्ये जाणार का, हे आधीच कळतं. इथे भौतिकशास्त्र माहीत असण्याचा थेट फायदा आहे, कारण शॉट मारण्याआधी विचार करायला वेळ असतो.

या सगळ्याचा पाया एकच: दोन्ही चेंडू सारखे हवेत. पार्लरमध्ये नेमकं तेच नसतं. पांढरा प्रत्येक शॉटला मार खातो, म्हणून तो सगळ्यांत आधी झिजतो. तो एका मिलिमीटरनं लहान झाला तर वजन पाच टक्क्यांनी घटतं, १७० ग्रॅममधले जवळजवळ नऊ ग्रॅम गेले. मग जो शॉट जागीच थांबायला हवा तो किंचित मागे येतो. कधी हरवलेल्या पांढऱ्याच्या जागी दुसऱ्याच संचातला आणून ठेवलेला असतो, तो जड निघाला तर थांबण्याऐवजी पुढे सरकतो. खेळणाऱ्याला वाटतं, आज हात लागत नाहीये.

आणि पावसाळा?

मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. टेबलाचं कापड लोकरीचं, लोकर ओल शोषते. ओलसर कापडावर चेंडू लवकर मंदावतो, साइडचं वळण लवकर सुरू होतं आणि कुशनवरून येणारा कोनही बदलतो. एप्रिलमध्ये तीन कुशन घेऊन बरोबर पोहोचणारा पांढरा जुलैमध्ये वीतभर अलीकडे थांबतो. मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबलाच्या दगडी पाट्यांखाली हीटर लावतात ते याचसाठी. पार्लरमध्ये हीटर कुठला, एसी असतो. तो दुपारी बंद आणि संध्याकाळी गर्दी झाली की सुरू. म्हणजे एकाच दिवसात टेबल दोनदा बदलतं. कॅरमवाल्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात पावडर किती वेळा टाकावी लागते ते त्यांना माहीत आहे.

स्नूकर आणि बिलियर्ड्सच्या कापडाला शिवाय लव असते, एका दिशेनं विंचरलेली. हळू जाणारा चेंडू त्या दिशेकडे झुकतो. पूलच्या स्पर्धेचं कापड बिनलवीचं, घसरडं. दोन्ही खेळ खेळणाऱ्याला हाताची सवय बदलत राहावी लागते. आपल्या शहराची खरी परंपरा लवीच्या कापडाची आहे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईत खेळलेले विल्सन जोन्स १९५८मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. १९६४मध्ये त्यांनी पुन्हा तेच केलं. मायकल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३मध्ये विजेते ठरले. १९७८च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ११४९ गुणांचा ब्रेक केला होता. यासिन मर्चंट १९८९ आणि २००१मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले. बिलियर्ड्समध्ये हजारावर गुणांचा ब्रेक म्हणजे शेकडो अलगद शॉट, बरेचसे लहानशा जागेत. तिथे कापडाची लव आणि चेंडूची स्वच्छता यांना काय किंमत असेल याचा अंदाज करा.

फरक असा, की ही मंडळी जिथे वाढली त्या क्लब आणि जिमखान्यांत टेबलाची निगा राखायला माणूस असतो. रोज ब्रश, इस्त्री, चेंडू पुसणं. उपनगरातल्या मुलाला तासावर मिळणारं टेबल पुसलं जातंच असं नाही. त्यानं घेतलेला २० हजारांचा शाफ्ट या टेबलावर काय करणार?

चेंडू पुसल्यानं खरंच फरक पडतो?

पडतो, आणि तोही आकड्यांत. तिरका शॉट मारताना पांढरा रंगीत चेंडूला घासून जातो आणि त्या घर्षणानं रंगीत चेंडू रेषेपासून थोडा ओढला जातो. याला थ्रो म्हणतात. स्वच्छ चेंडूंतही हा ओढा तीनेक अंशांचा असू शकतो. एका मीटरवर ५२ मिलिमीटर, आणि पॉकेटची सूट होती २९. हळू मारलेल्या शॉटमध्ये थ्रो जास्त, जोराच्या शॉटमध्ये कमी. मुरलेले खेळाडू हळू शॉट आपोआप थोडा पातळ मारतात, हीसुद्धा न शिकता शिकलेली दुरुस्ती.

पण दुरुस्ती कामाला येते ती घर्षण रोजच्यासारखं असेल तरच. चेंडूवर चॉकचा डाग नेमका टकरीच्या जागी आला तर दोन चेंडू क्षणभर चिकटतात आणि शॉट वाकडा जातो. स्नूकरमध्ये याला किक म्हणतात; टीव्हीवर खेळाडू वैतागून पंचांकडे चेंडू पुसायला देतो तो यासाठी. डाग कमी पाडणारं ताओम हे फिनलंडचं चॉक गेल्या काही वर्षांत व्यावसायिक स्नूकरपटूंमध्ये पसरलं, तेही याच कारणानं. बघा, अव्वल खेळाडूंनी पटकन उचललेला बदल कुठला, तर शॉटमधली अनिश्चितता कमी करणारा.

भौतिकशास्त्र बरोबर, पण निरुपयोगी असं काही आहे का?

आहे. फॉलो थ्रू. प्रत्येक प्रशिक्षक सांगतो, चेंडू मारल्यावर क्यू थांबवू नका, सरळ पुढे जाऊ द्या. भौतिकशास्त्र म्हणतं, टिप चेंडूला हजारांश सेकंदच लागते; तेवढ्यात क्यू दोन-तीन मिलिमीटर पुढे जातो आणि चेंडू सुटतो. त्यानंतर क्यूचं काहीही करा, चेंडूला कळत नाही. मग फॉलो थ्रू अंधश्रद्धा झाली का?

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हा युक्तिवाद फार आवडतो (मी त्यातलाच). पण पुढे क्यू थांबवायचा हे डोक्यात असलेला हात चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच आखडतो, मनगट वळतं, वेग तुटतो. फॉलो थ्रूचा परिणाम चेंडूवर नसतो, आधीच्या अर्ध्या सेकंदावर असतो. समीकरणात चेंडू आहे, माणूस नाही. त्यामुळे टिप कुठे लागावी हे समीकरणाला विचारायचं, आणि ती तिथे कशी न्यावी हे चांगल्या खेळाडूला.

उलट दिशेची चूकही होते. ‘आमच्या काळात असलं काही नव्हतं तरी विक्रम झालेच’ असं म्हणणारे भेटतात. अमेरिकेच्या विली मोस्कोनीनं १९५४मध्ये सलग ५२६ चेंडू घातले. हा विक्रम ६५ वर्षं टिकला. २०१९मध्ये जॉन श्मिटनं ६२६ आणि २०२२मध्ये जेसन शॉनं ७१४ चेंडू घातले. पण मोस्कोनीचं टेबल आठ फुटी होतं, या दोघांचं नऊ फुटी, आणि चेंडू, कापड सगळंच निराळं. कोण मोठा, हे आकड्यांवरून ठरवता येत नाही, कारण तिघांनी वेगवेगळी दुरुस्ती हातात मुरवलेली होती.

मग पैसे कशावर घालावेत?

माझा क्रम असा. आधी टेबलाचे तास. मग स्वतःचा एक साधा, सरळ क्यू, कुठल्याही कंपनीचा. टेबलावर गडगडवून बघा. टिप वरखाली उडाली तर वाकलेला आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, भिंतीला तिरका टेकवून महिनोन्‌महिने सोडू नका, आपल्या हवेत लाकूड वाकायला वेळ लागत नाही. मग चांगली टिप, स्वतःचं चॉक आणि खिशात एक सुती फडकं. शाफ्टचा विचार त्यानंतर, आणि घेतलीत तर किमान दोन-तीन महिने कुठलीही स्पर्धा समोर नसताना घ्या.

टेबल निवडण्याआधी एक चाचणी मात्र फुकट होते. दोन रंगीत चेंडूंच्या मधोमध पांढरा ठेवा, तिन्ही एका रेषेत एकमेकांना चिकटून. वर मोबाइल आडवा ठेवा, स्क्रीन खाली आणि कॅमेऱ्याचा उंचवटा वर. डोळे त्या उंचीला नेऊन बघा. मधल्या चेंडूवर उजेडाची फट दिसली तर पांढरा झिजलेला आहे. मोबाइल मधल्या चेंडूवर डुगडुगला तर पांढरा मोठा आहे. दोन्हींपैकी काहीही झालं तर काउंटरवर जाऊन दुसरा पांढरा मागा, आणि तासाचं मीटर त्यानंतर सुरू करायला सांगा.